मुनीरचाचांची उदबत्ती

मुनीरचाचा आमच्या घरात पहिल्यांदा आले, ते हातात पेटती उदबत्ती घेऊन. मे महिना होता, दुपारचे अडीच वाजले होते. नांदेडात त्या वेळेला शहाणा माणूस उंबरा ओलांडत नाही. आदल्याच दिवशी आमच्याकडे एसी बसला होता आणि आम्ही तिघं, म्हणजे मी, सुनंदा आणि माझी आई, एका खोलीत दाटीवाटीने बसून गारव्याचं कौतुक करत होतो. दार वाजलं. पाहतो तर समोरच्या घरातले मुनीरचाचा. चौकड्याची लुंगी, बाह्यांचा बनियन, पांढरी दाढी, एका हातात उदबत्ती आणि दुसऱ्या हाताचा तळवा तिच्यापुढे आडोशाला धरलेला.

"सर, दार लावा," ते आत येता येता म्हणाले. "पंखा बंद करा. अन् कुणी हलू नका."

आम्ही हललो नाही. चाचांनी उदबत्ती खिडकीच्या चौकटीशी नेली आणि कडेकडेने सावकाश फिरवायला सुरुवात केली. धूर सरळ वर चालला होता. खालच्या कोपऱ्यात मात्र तो एकदम वाकला आणि फटीत शिरून दिसेनासा झाला. चाचांनी कानामागची पेन्सिल काढून तिथे फुली मारली.

आईने तोवर डोक्यावर पदर घेतला होता. ती मूळची नायगावकडची. धूप घेऊन घरात येणाऱ्या माणसाला काही विचारायचं नसतं, मग तो मंदिरातून येवो की दर्ग्यातून, हे तिच्या अंगात मुरलेलं आहे. तिने हात जोडले.

"मावशी," चाचा फुलीकडे बोट दाखवून म्हणाले, "इथून जाऊन राहिली."

"कोण वो?" आईने दबक्या आवाजात विचारलं.

"थंडी."

आईला काय कळलं कोण जाणे. तिने आत जाऊन चिमूटभर साखर आणली आणि त्यांच्या हातावर ठेवली. चाचांनी ती निमूटपणे खाल्ली आणि पुढच्या खिडकीकडे वळले. मुनीरभाऊंनी उदबत्ती फिरवली तेव्हापासून आपले गुडघे दुखायचे थांबले, असं आई आजही येईल त्याला सांगते. चाचांनी तिला बऱ्याचदा समजावून सांगितलं की घरातली गार हवा कुठून गळते ते शोधायची ही रीत आहे. त्यावर तिचं उत्तर ठरलेलं आहे. "असू द्या की. गुडघे तर थांबले."

मी शाळेत भूगोल शिकवतो, आणि मला माणसांचं नको तितकं कुतूहल आहे असं सुनंदाचं म्हणणं आहे. तेव्हा समोरच्या घरातला माणूस भर उन्हात उदबत्ती घेऊन परक्यांच्या खिडक्या का तपासतो, हे कळल्याशिवाय मला चैन पडणं शक्य नव्हतं. कळायला दोन वर्षं लागली.

चाचा वीज उपकेंद्रावर ऑपरेटर होते. सगळी नोकरी तिथेच गेली. पत्नी, बिलकीसचाची, सहा वर्षांपूर्वी वारल्या. एकुलती एक मुलगी रेहाना लातूरला दिलेली. दोन खोल्यांचं घर, पुढे छोटं अंगण, अंगणात कडुनिंब आणि त्याखाली एक लोखंडी खुर्ची. गंमत म्हणजे गल्लीत कुणाकडे एसी घ्यायचा म्हटलं की चाचांना विचारल्याशिवाय पान हलत नसे, आणि खुद्द चाचांकडे एसी नव्हता. वाळ्याच्या जाळीचा जुना कूलर होता. तो सुरू झाला की गिरणी चालू झाल्यासारखं वाटे.

एसी आल्यापासून आमच्या गल्लीचा स्वभाव बदलला होता. पूर्वी दिवसा दार लावायची पद्धतच नव्हती. दार लावलेलं दिसलं की या घरात भांडण तरी झालंय नाहीतर कुणी आजारी तरी आहे, असं धरून लोक चौकशीला यायचे. विरजणाची वाटी घेऊन बाया या घरातून त्या घरात सरळ आत शिरायच्या. आता एसी असलेल्या घरात तसं शिरलं, की कुठूनतरी चाचांचा आवाज यायचा. "दार!" एवढा एकच शब्द. अंगणातल्या खुर्चीत बसून त्यांचं समोरच्या तीन घरांवर लक्ष असे. सुनंदा कढीपत्ता घ्यायला बाहेर पडली आणि दार जरा किलकिलं राहिलं, की रस्त्यापलीकडून "दार!" यायचंच. पुढे पुढे तर ती स्वप्नातही दार लावायला उठायची.

त्यांचं दुसरं ठरलेलं वाक्य होतं, "गरमी मरत नसती सर, घर बदलती." एसी थंडी तयार करतो, असं कुणी म्हटलेलं त्यांना खपत नसे. "थंडी कुठून आणनार? मशीन फकस्त खोलीतली गरमी उचलती अन् बाहेर नेऊन टाकती. हमाली करून राहिली बिचारी. म्हनून बघायचं काय, तं किती लाईट खाती अन् किती गरमी उचलती." याच न्यायाने हीच हमाली उलटी करवली तर बाहेरच्या थंडीतूनसुद्धा ऊब उचलून आंघोळीचं पाणी तापवता येतं, आणि थंड मुलखातले लोक तशा यंत्रांवर अख्खं घर उबदार ठेवतात, हे त्यांनी मला डिसेंबरातल्या एका सकाळी अंगावर शाल घेऊन तासभर सांगितलं. मला पहिल्या तासाला उशीर झाला.

ही बाहेर टाकलेली गरमी वाया जाते याचं त्यांना फार वाईट वाटायचं. मागच्या उन्हाळ्यात त्यांनी सुनंदाला कुरडया गच्चीवर न घालता एसीच्या बाहेरच्या पंख्यासमोर घालायला लावल्या. पंख्याचा वारा अडू नये म्हणून तीन हात अंतर स्वतःच्या हाताने मोजून दिलं. कुरडया अर्ध्या दिवसात कडकडीत वाळल्या हे खरं. त्यानंतर त्या उडाल्या. पलीकडच्या गच्चीवरून त्या गोळा करताना चाचा मला म्हणाले, "गरमी वाया गेली न्हाई सर. वजन ठेवायचं ध्यानात आलं न्हाई."

यंदाच्या जानेवारीत त्यांनी कहर केला. सुनंदाची धाकटी बहीण निलंग्याहून आली होती. तिला एसी घ्यायचा होता, म्हणून सुनंदा आमचा एसी अभिमानाने दाखवत होती. त्याच्यावरचं लेबल आम्ही काढलेलं नाही. नव्या वस्तूवरचं कागद-प्लास्टिक काढायचं नसतं, हा आमच्या घराचा नियम आहे. "पाच स्टारचा आहे," सुनंदा म्हणाली. तेवढ्यात चाचा आले. त्यांच्या हातात काळं मार्कर पेन होतं. सलाम-नमस्कार झाला, स्टूल मागितलं, वर चढले, आणि आमच्या पाच स्टारांपैकी एकावर त्यांनी काट मारली.

"ताई, तुमचा आता चार झाला," चाचा स्टुलावरून उतरत म्हणाले.

"कामून? काय बिघाड झाला?" बहिणीने विचारलं.

"मशीनला काय बी झालं न्हाई. परीक्षा कडक झाली." मग माझ्याकडे वळून, "सर, समजा तुमच्या शाळेत पहिल्या वर्गाचे मार्क वाढवले. कालचं पोरगं तेच, अभ्यास तेवढाच. पन आज त्येला पहिला वर्ग भेटन का? न्हाई भेटनार. तसं हाय. ह्या जानेवारीपासून सरकारनं एसीचे मार्क वाढवले. जुन्या पाचाला आता चाराच्या जागी बसा म्हनले."

"पण आमच्या भिंतीवरचा कशाला खोडायचा?" सुनंदाचा आवाज चढला होता. "आम्ही घेतला तेव्हा पाच होता ना?"

"हाव, होता. पन पाहुने आले, त्यायनी पाच पाहून जुनाच घेतला तं? खोटी साक्ष हुईल."

त्या दिवशी ते गल्लीत आणखी दोन घरांत मार्कर घेऊन गेले. एका घरी तो एसी जावयाने दिलेला होता, तिथे त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. सुनंदाने त्या दिवसापासून अबोला धरला. चाचांना अबोला कळलाच नाही, कारण बोलायचे तेच.

आणि याच जानेवारीत त्यांची स्वतःची परीक्षा सुरू झाली. रेहानाला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज त्यांच्यात आहे तसा आमच्यातही. सातव्या महिन्यात सतवाशाचा कार्यक्रम करायचा, मुलीची ओटी भरायची आणि तिला माहेरी आणायचं. पण बाळंतपण मे महिन्यात येत होतं. लातूरच्या व्याह्यांच्या घरी एसी होता. तिथे एका वर्षी प्यायला पाणी मिळेना, तर कूलरला कुठून घालायचं, म्हणून त्यांनी तो घेतलेला. व्याही चांगला माणूस. त्यांनी फोनवर सरळ सांगितलं की मुनीरभाई, नांदेडचा मे आम्हांला ठाऊक आहे, घरात एसी बसवा आणि पोरीला घेऊन जा, नाहीतर इथेच करू, वाईट वाटून घेऊ नका.

चाचांनी वाईट वाटून घेतलं नाही. त्यांनी दुसऱ्या दिवशी खोलीच्या भिंतीला नळीसाठी भोक पाडून घेतलं. मग त्या भोकातून उन्हाची झळ येईल म्हणून त्यात फडकं कोंबलं. मग बिलकीसचाचींची एक जुनी वाकळ काढली, तिच्या पट्ट्या कापल्या आणि खिडकीच्या कडांना आतून ठोकल्या. दाराच्या तळाला सायकलच्या ट्यूबची रबरी पट्टी बसवली. रोज सायंकाळी उदबत्ती. धूर जिथे वाकेल तिथे आणखी एक पट्टी. फेब्रुवारी संपेतो ती खोली अशी झाली की दार लावलं की कानात दडा बसायचा. फक्त एसी तेवढा आला नव्हता.

त्याचं कारणही चाचाच. मी त्यांच्याबरोबर वजिराबादेतल्या दुकानात गेलो होतो. दुकानदाराने एक झकास यंत्र दाखवलं. "घ्या चाचा, पाच स्टार."

चाचांनी खिशातून भिंग काढलं. ते पोस्टाचं तिकीट तपासावं तसं लेबल तपासत होते. दुकानात आलेलं एक नवपरिणीत जोडपं आपली खरेदी सोडून यांच्याकडे पाहत राहिलं. "शेट," चाचा अखेर म्हणाले, "हे लेबल डिसेंबरपर्यंतचं हाय. गेल्या साली पाच. आज चार."

"अहो, एका स्टारचा तर फरक. कूलिंग तेच."

"नव्या लेबलचा पाच द्या."

"माल यायचाय. पंधरा दिवसांत येईल."

पंधरा दिवसांचा महिना झाला. माल येऊन राहिला होता, पण येत नव्हता. नागपूरहून गाडी निघाली असं दुकानदार सांगायचा, आणि ती गाडी बहुधा बैलगाडी असावी. रमजान सुरू झाला. ईद झाली की सतवासा, हे ठरलेलं. रोज दुपारी लातूरचा फोन यायचा. "मुनीरभाई, मशीन लगी क्या?" चाचांना खोटं बोलता येत नाही. "छेद हो गया," ते म्हणायचे, "मशीन आतीच है."

ईदला आठ दिवस राहिले तेव्हा सुनंदाने आपला अबोला स्वतःहून मोडला. "चाचा," ती म्हणाली, "आमचा काढून न्या. चार तर चार. आमचं भागेल या उन्हाळ्यात."

चाचांनी मान हलवली. "न्हाई ताई. गरमी मरत नसती. माझ्या घरातून निघून मावशीच्या खोलीत जाईल."

ती आत गेली, आणि माझा तोल गेला. मी शिक्षक आहे, मला हट्टी पोरं रोज भेटतात, पण हा प्रकार माझ्या सहनशक्तीपलीकडचा होता. मी त्यांच्यामागे त्यांच्या अंगणात गेलो. "चाचा, तुमची मुलगी यायची थांबलीय," मी म्हणालो. "एकुलती एक. घर सहा वर्षं रिकामं आहे तुमचं. आणि तुम्ही एका स्टारसाठी अडून बसलात. एका स्टारने असं काय होणार आहे?"

चाचांनी कूलर बंद केला. एवढी शांतता त्या अंगणात मी प्रथमच ऐकली.

"रेहाना मेमधलीच," ते म्हणाले. "दुपारची. म्या ड्युटीवर होतो. तवा लोडशेडिंग होतं, तुमाला ठाव हाय. वरून फोन यायचा, लोड वाढला, एक फीडर सोडा. फीडर म्हंजे एका भागाची लाईन, सोडा म्हंजे बंद करा. एक खटका वढला की अर्ध्या गावाची लाईट जायची. कुनाचा सोडायचा, त्याची बारी लावलेली असायची. कालच्याला इतवारा मोहल्ल्याचा सोडला, आज दुसऱ्याचा. म्या बारी कधी मोडली न्हाई, सर. पुढारी फोन करायचे, साहेब फोन करायचे. न्हाई मोडली."

मी कडुनिंबाच्या बुंध्याला टेकलो.

"त्या दिवशी म्या दुसरा फीडर सोडला. तिकडं एक छोटा दवाखाना होता. त्येला वेगळी लाईन नव्हती. बिलकीसला दुपारीच तिथं नेलतं. मला काय ठाव? मोबाईल कुठं होते. अडीच घंटे लाईट नव्हती. नर्सबाईनं एक्स-रेच्या फिल्मनं वारा घातला तिला." चाचांनी लुंगीची गाठ सोडून पुन्हा बांधली. "संध्याकाळी गेलो तं पोरगी झालेली. बिलकीस म्हनली, आज लई येळ लाईट गेलती वो. म्या म्हनलं, हाव, म्याच घालवली. तं हसली. म्हनली, असंल आपली बारी."

दोन वर्षं उदबत्तीला हसलो त्याची लाज वाटली, ते खरं सांगून टाकतो.

"गल्लीत एसी आला की मला लोड दिसतो, सर. तुमाला थंडी लागती, मला खटका दिसतो. कमी खानारी मशीन घेतली, दार लावलं, चोवीसवर ठेवलं, तं कुनाचा तरी फीडर वाचतो. ते कुनी म्हनत न्हाई, पन वाचतो. आता रेहानाच्या बाळंतपनाला म्या जास्त खानारी मशीन लावू? तिच्या मायला काय सांगू?"

त्यांनी परत कूलर सुरू केला, म्हणजे पुढे बोलायचं नव्हतं. मी घरी आलो. आमच्या एसीचं रिमोट कुणीतरी एकोणीसवर ठेवलं होतं. मी ते चोवीसवर केलं आणि कुणाला काही सांगितलं नाही.

मार्ग काढला तो रेहानाने. ती शेवटी यांचीच मुलगी. ईदच्या चार दिवस आधी, मी चाचांकडे बसलो असताना तिचा फोन आला. ती लातूरला सासूबाईंना घेऊन, सात महिन्यांचं पोट सांभाळत, एसीच्या दुकानात उभी होती. तिथे नवा माल आला होता. चाचा ताडकन उठले आणि एका हातात फोन, दुसऱ्या हातात भिंग घेऊन अंगणात येरझाऱ्या घालू लागले. लातूरचं लेबल त्यांना नांदेडात भिंगातून दिसणार होतं की काय, कोण जाणे.

"तारीख पढ," ते म्हणत होते. "नीचे का आंकडा पढ. फिर से पढ. खुर्ची ले, बैठ के पढ."

तिने तीनदा वाचला. फोन स्पीकरवर होता. शेवटी पलीकडून दुकानदाराचाच दमलेला आवाज आला, "चाचा, ताईंना आता घरी जाऊ द्या, यंत्र बाजूला काढून ठेवतो." रक्कम चाचांनी त्याच दिवशी पाठवली. व्याह्यांनी आग्रह केला, पण त्यात ते कुणाचं ऐकणार नव्हते.

ईदनंतर लातुरात सतवासा झाला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी जीप गल्लीत शिरली. टपावर दोरीने आवळलेली दोन खोकी आणि आत रेहाना. एसी असेल तर मुलगी पाठवतो म्हणणाऱ्या सासरहून मुलगी एसी घेऊनच माहेरी आली, असं आमच्या गल्लीत तरी यापूर्वी घडलं नव्हतं. त्या उन्हात दारं उघडून सगळे बाहेर आले, आणि त्या दिवशी चाचा कुणाला "दार!" म्हणाले नाहीत. आईने भाकरीचा तुकडा रेहानावरून ओवाळून टाकला. "गारवा घेऊन आली माय," ती म्हणाली. रेहाना जीपचा दांडा धरून सावकाश उतरली, बापाकडे पाहिलं आणि टपाकडे बोट दाखवून म्हणाली, "पांच हैं, अब्बा. गिन लो."

चाचांनी खरोखर मोजले. मग दाढीवरून हात फिरवत बराच वेळ जीपच्या पलीकडच्या बाजूला उभे राहिले, ते काय करत होते ते मी पाहिलं नाही.

मे महिन्यात रेहानाला मुलगा झाला. दवाखान्यात वीज होती. चाचांनी मला फोन करून पहिल्यांदा तेच सांगितलं, मुलाचं नंतर. चौथ्या दिवशी बाळ-बाळंतीण घरी आली आणि त्या पट्ट्या लावलेल्या खोलीत गेली. चोवीसचा माणूस, पण डॉक्टरांना तीन वेळा विचारून त्यांनी बाळासाठी सत्तावीस ठेवले. रेहानाची सासू मदतीला आली होती, माझी आई आणि सुनंदा येऊन-जाऊन असायच्या. चाळीस दिवस त्या खोलीत पुरुषांनी विनाकारण जायचं नाही. चाचा सकाळ-संध्याकाळ दारातूनच नातवाचं तोंड पाहायचे आणि बाकी दिवसभर बाहेर. अंगणातली लोखंडी खुर्ची त्यांनी आत आणून खोलीच्या दाराला लागून ठेवली होती. कूलरचा आवाज बाळाला होईल म्हणून तोही बंद. आत सत्तावीस, बाहेर त्रेचाळीस, आणि हा माणूस घामाने निथळत दाराशी.

मी सुट्टीतला शिक्षक, दुपारी त्यांच्याशी गप्पा मारायला जायचो. एका दुपारी गेलो तर ते डोळे मिटून बसले होते. फळीवर उदबत्तीचा पुडा दिसला आणि मला लहर आली. त्यांनी आमच्या घरी मारलेल्या सगळ्या फुल्या मला आठवल्या. म्हटलं, आज गुरूची परीक्षा घेऊ. उदबत्ती पेटवली आणि त्यांच्या दाराच्या चौकटीवरून फिरवू लागलो, अगदी त्यांच्यासारखी, सावकाश, दुसऱ्या हाताचा आडोसा धरून. वरच्या कडेला धूर सरळ. बाजूला सरळ. काय काम केलं होतं, मानलं पाहिजे.

खाली आलो, तळाच्या रबरी पट्टीवरून उदबत्ती नेली, आणि शेवटच्या कोपऱ्यात, त्यांच्या खुर्चीच्या पायाजवळ, धूर एकदम वाकला आणि माझ्या तोंडावर आला. वाकून पाहिलं. तिथली ट्यूब वीतभर नव्हती. फाटली नव्हती. कात्रीने सरळ कापून काढली होती.

"चाचा," मी म्हणालो, "इथून जाऊन राहिली."

त्यांनी डोळे उघडले. उदबत्तीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ठाव हाय," ते हळूच म्हणाले. "म्याच कापली."

"कामून?"

चाचांनी बंद दारावरून एकदा तळवा फिरवला. "लई पक्कं झालतं, सर. पोरगं रडलेलं ऐकू येत नव्हतं."

मी उदबत्ती विझवली आणि त्यांच्या खुर्चीशेजारी फरशीवर बसलो. फटीतून गार हवेची बारीक धार येत होती, ती माझ्या पायाला लागली. थोड्या वेळाने आत काहीतरी कुरकुरलं, आणि मग रडण्याचा आवाज आला, अगदी नवा, चिरका.

"उठला," चाचा म्हणाले.